वाड्याच्या सागवानाचं जेवणाचं टेबल

प्रश्न : साताऱ्याजवळचा आमचा वाडा उतरवला. त्याच्या सागवानी तुळयांतून सहा जणांचं, वाड्याच्याच घाटाचं जेवणाचं टेबल होईल का?

उत्तर : जरूर होईल, आणि ते कराच, असा जुना साग आता वखारीत सहज मिळत नाही. चिरण्याआधी तुळया मेटल डिटेक्टरने तपासून खिळे काढून घ्या, नाहीतर करवतीचं पातं जाईल. चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून काही आठवडे घरातच रचून ठेवा.

सहा जणांना १८० बाय ९० सेंटिमीटर पुरतं. उंची ७५, खुर्चीची बैठक ४५. फळीखालची आडवी पट्टी फार रुंद ठेवू नका, मांड्या अडतात. जुन्या घाटाच्या हौसेत नेमकं हेच विसरलं जातं.

वरची फळी चौकटीला चिकटवून टाकू नका. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ हलत नाही. जखडलेली फळी तडकते. म्हणून स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट हवीत. पाय आणि पट्टी यांचा सांधा मात्र खाच पाडून, कुसू बसवूनच करा. नुसत्या स्क्रूवर तो पुढे डुगडुगतो.

घाट पायांत आणा. पेशवाईतल्या वाड्यांच्या सुरूदार खांबांचा निमुळता आकार लहान मापातही शोभतो. केळफुलाची नक्षी खुर्चीच्या पाठीवर द्या, टेबलाच्या कडेला नको. तिच्यात आमटी शिरली की निघत नाही.

सुताराकडून आधी एकच पाय पूर्ण मापात करून घ्या. तो पसंत पडला, तरच बाकीचे तीन करायला सांगा.