जपानी व्याकरणाला मराठीचा आधार

प्रश्न : इंग्रजी पुस्तकातून जपानी शिकतो आहे. वाक्यरचना उलटी वाटते. काय करावे?

उत्तर : उलटी आहे ती इंग्रजीच्या नजरेने. ‘वाताशी वा तोक्यो नि इकिमासु’ म्हणजे ‘मी तोक्योला जातो’. क्रियापद शेवटी, ‘नि’ आपल्या ‘ला’सारखा नामाला मागून लागतो. शिवाय तो, ती, ते, सगळ्यांना ‘इकिमासु’च, मराठीपेक्षाही सोपे! तेव्हा विचार मराठीतूनच करा. प्रत्यय तंतोतंत जुळत नाहीत, हा आक्षेप खराच आहे. ‘मुलाला पाहतो’, ‘मुलाला देतो’ यांत आपला ‘ला’ एकच, जपानीत मात्र पहिल्या ठिकाणी ‘ओ’, दुसऱ्या ठिकाणी ‘नि’. ‘वा’ तर विभक्तीच नव्हे. तो बोलण्याचा विषय दाखवतो, कर्त्यासाठी ‘गा’ आहे. पण असे घोटाळे मोजक्या जागी होतात. इंग्रजीमार्गे गेल्यास जवळजवळ प्रत्येक वाक्य फिरवावे लागते. प्रत्यय सुटे न घोकता क्रियापदासकट पाठ करा.