बुरशीनाशक आणि झाडाचे स्वयंपाकघर



पावसाळ्यात बटाट्यावर किंवा टोमॅटोवर करपा दिसला की आपण पंप पाठीवर घेतो. शेजारचे पीक गेलेले असते, ढग दाटलेले असतात. अशा वेळी ‘औषध थोडे जास्तच घालू’ असे मनात येते. ते जास्तीचे औषध झाडाचे काय करते, हे आज समजून घेऊ.

पान हे झाडाचे स्वयंपाकघर. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडते, बारीक छिद्रांतून हवेतला कर्बवायू आत येतो, मुळांकडून पाणी येते आणि त्यांपासून साखर तयार होते. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. दाणा, फळ, कंद सारे या साखरेवरच पोसतात. करपा पानाचा हिरवा भाग मारतो, म्हणून फवारणी हवीच. पण बुरशी आणि झाड दोन्ही सजीव आहेत. बुरशीला मारणारे औषध पानालाही थोडेफार बाधू शकते.

बोर्डो मिश्रण घ्या. फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली द्राक्षावरील केवड्यासाठी ते प्रसिद्ध केले. त्यातील तांबे बुरशीचे बीजाणू मारते. अगदी अल्प तांबे पानालाही लागते. प्रकाशाची शक्ती पुढे पोचवणाऱ्या एका प्रथिनात ते असते. मात्र प्रमाण वाढले की तेच तांबे ही यंत्रणा बिघडवते. पानांच्या कडा करपतात, साखर कमी बनते. म्हणून मोरचुदाला चुन्याची जोड देतात. चुना तांब्याला बांधून ठेवतो आणि ते हळूहळू सुटते.

एक टक्का मिश्रण असे करावे :

१) १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवा. १ किलो कळीचा चुना वेगळा विरवून, थंड झाल्यावर गाळून ५० लिटर करा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या. लोखंडी किंवा जस्ताची नकोत.

२) मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता.

३) चकचकीत लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे; आणखी चुना घाला.

४) मिश्रण त्याच दिवशी संपवा. त्यात दुसरे औषध मिसळू नका. पाने ओली असताना फवारू नका. ओलाव्यात तांबे अधिक सुटते आणि पान भाजते.

नव्या औषधांचेही असेच आहे. प्रोपिकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल यांच्या गटातील औषधे झाडाची उंची वाढवणाऱ्या जिबरेलिन या द्रव्यालाही आवर घालतात. मात्रा जास्त झाली की झाड खुजे व गडद हिरवे दिसते. ॲझॉक्सिस्ट्रोबिन बुरशीचा श्वास रोखते. त्याने काही पिकांत पान जास्त दिवस हिरवे राहते. पण गडद हिरवे पान म्हणजे भरघोस पीक, असे गणित नाही.

म्हणून डब्यावरील मात्रा ओलांडू नका. फवारताना हातमोजे घाला, तोंड-नाक झाका, हात साबणाने धुतल्याशिवाय पाणी वा तंबाखू तोंडाला लावू नका. औषध नवे असेल तर आधी चार झाडांवर फवारा, दोन-तीन दिवस पाने पाहा आणि मगच पंप साऱ्या शेतात न्या.