दुसरा मार्ग परत आला

तुमच्या मोहल्ल्यातील एखादी अरुंद गल्ली आठवा. समोरासमोर दोन हातगाड्या आल्या, की एकीला बाजूला थांबावेच लागते. एकेरी रेल्वेमार्गाचेही असेच असते. मात्र आगगाडीला वाटेत कोठेही बाजूला होता येत नाही. जेथे जादा रूळ असतील तेथेच ती दुसरीला वाट देऊ शकते.

अमेरिकेत न्यू हेवनहून हार्टफर्डमार्गे स्प्रिंगफील्डला जाणारा सुमारे १०० किलोमीटरचा लोहमार्ग आहे. १८३९ मध्ये गाडी हार्टफर्डला पोचली, १८४४ मध्ये स्प्रिंगफील्डला. पुढे रहदारी वाढली, मार्ग दुहेरी झाला. मग मोटारींचे हमरस्ते झाले व प्रवासी घटले. १९९० च्या सुमारास ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीने बऱ्याच अंतरावरचा दुसरा मार्ग उखडून टाकला. देखभालीचा खर्च वाचला. कागदावरचा हिशेब बरोबरच होता!

पण आता हा हिशेब करून पाहा. हार्टफर्डहून निघालेली गाडी पंधरा मिनिटे उशिरा आली, तर समोरून येणारी गाडी तिची वाट पाहत उभी राहील. म्हणजे तिलाही उशीर. ती पुढे जिच्यासाठी वाट मोकळी करणार, तिलाही उशीर. चूक एका गाडीची, खोळंबा साऱ्यांचा. रोज कामावर जाणारा माणूस अशा गाडीवर विसंबेल का? शिवाय गाड्या वाढवायच्या म्हटले, तरी त्यांना जागा कोठे होती?

अखेर कनेक्टिकट राज्याने दुसरा मार्ग पुन्हा टाकण्याचे ठरवले. पूर्वीचा भराव दोन मार्गांच्या रुंदीचा होता, हे नशीबच. तरी नवी खडी, स्लीपर, रूळ, सिग्नल सारे घालावे लागले. तेही शेजारच्या रुळावरून गाड्या चालू ठेवून! काही गाड्यांच्या जागी प्रवाशांना बसने नेले. उखडणे सोपे असते, घालणे नव्हे.

१६ जून २०१८ रोजी ‘हार्टफर्ड लाइन’ ही सेवा सुरू झाली. न्यू हेवन ते हार्टफर्ड पूर्वी दिवसाला सहाच्या आसपास फेऱ्या होत, त्या सतरापर्यंत गेल्या. हार्टफर्डच्या उत्तरेला मात्र काही भाग तेव्हाही एकेरीच राहिला होता. तेथे पोचल्यावर चालकाला पुन्हा समोरच्या गाडीची वाट पाहावी लागे.