हसदेवचे अरण्य आणि ग्रामसभेचा होकार

राज्यशास्त्राच्या तासाला 'संमती' हा शब्द आपण अनेकदा ऐकतो. परीक्षेत त्यावर टीपही लिहितो. परंतु संमती नाकारणे म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा छत्तीसगडमधील हसदेव अरण्याच्या लढ्याने अधिक शिकवले. त्या अभ्यासातून जे हाती आले, ते येथे थोडक्यात मांडतो.

सरगुजा, कोरबा आणि सूरजपूर या जिल्ह्यांत सुमारे 1,70,000 हेक्टरांवर हे सालवृक्षांचे जंगल पसरले आहे. हत्तींचा वावर येथे आहे. महानदीला मिळणाऱ्या हसदेव नदीचे हे पाणलोट क्षेत्र. तिच्यावरील बांगो धरणाच्या पाण्यावर खालची शेती पिकते. गोंड व इतर आदिवासींचा संसार मोहफुले, तेंदूपत्ता यांवर चालतो. आणि या सर्वांच्या पायाखाली दगडी कोळसा आहे. हेच त्यांचे दुर्दैव!

कोळसा जमिनीच्या फार खाली नसेल तर उघडी खाण काढतात. प्रथम झाडे तोडायची, मग वरची माती व खडक सुरुंगाने फोडून बाजूला ढीग घालायचे आणि नंतर कोळसा उचलायचा. यात जंगल तर जातेच, शिवाय पाणी मुरवणारा मातीचा थरही जातो. पुढे रोपे लावली तरी ती लागवड होते, अरण्य होत नाही.

2010 मध्ये केंद्र सरकारनेच हे क्षेत्र खाणींसाठी निषिद्ध ठरवले होते. तरीही 2011 मध्ये परसा पूर्व व केते बासन या खाणीला वनमंजुरी मिळाली. एकंदर 1,898 हेक्टर वनजमीन त्यात होती. 2014 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. पण सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि खोदकाम चालूच राहिले.

येथे कायद्यांची गुंतागुंत ध्यानात घ्यावी. 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला अधिकार देतात. उलट, कोळसाक्षेत्रासाठीचा 1957 चा भूसंपादन कायदा ग्रामसभेला विचारतच नाही. घाटबर्रा गावाला 2013 मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क 2016 मध्ये प्रशासनाने रद्द केला. दिलेला हक्क वापरू लागताच काढून घेतला जात असेल, तर त्याला हक्क म्हणावे की मेहेरबानी?

गावकरी स्वस्थ बसले नाहीत. हसदेव अरण्य बचाओ संघर्ष समितीच्या पाठीशी अनेक ग्रामसभांचे विरोधाचे ठराव उभे राहिले. परसा खाणीसाठी दाखवलेली ग्रामसभांची संमती बनावट आहे, असा त्यांचा आरोप होता. ऑक्टोबर 2021 मध्ये सुमारे साडेतीनशे माणसे 300 किलोमीटर चालत रायपूरला गेली. काही दिवसांतच त्या खाणीला केंद्राची अंतिम वनमंजुरी मिळाली! मार्च 2022 पासून हरिहरपूरला बेमुदत धरणे सुरू झाले. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या. 26 जुलै 2022 रोजी राज्याच्या विधानसभेने हसदेवमधील सर्व कोळसापट्टे रद्द करावेत, असा एकमुखी ठराव केला. समितीचे आलोक शुक्ला यांना 2024 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला; 21 प्रस्तावित खाणी थांबवल्याबद्दल तो होता. तथापि हा निर्भेळ विजय नव्हे. डिसेंबर 2023 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 2024 मध्ये पोलीस बंदोबस्तात झाडे पडली.

कोणी म्हणेल, वीज नको काय? प्रश्न रास्त आहे. ज्या दिव्याखाली मी हे लिहीत आहे, तोही बहुधा कोळशावरच जळत असावा. म्हणून मी हा लढा दुरून वाखाणून मोकळा होऊ शकत नाही. पण देशाची गरज आहे एवढ्याने विचारण्याची गरज संपत नाही. उलट ज्याच्याकडून सर्वस्व मागायचे, त्याला आधी विचारणे अधिकच अगत्याचे ठरते. 2013 मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि तो मानला गेला.

ज्या होकाराला नकाराची मुभा नाही, तो होकार नव्हेच. संमतीची याहून नेमकी व्याख्या मला अद्याप सापडलेली नाही.