तीन वेळा बीप, आणि डिस्प्ले नाही

प्रश्न : घरचा जुना असेंबल्ड डेस्कटॉप पावसाळ्यात महिनाभर बंद होता. परवा सुरू केला तर पंखा फिरला, दिवा लागला, पण स्क्रीन काळीच. आतून तीन वेळा बीप वाजलं. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, ‘मदरबोर्ड गेला, नवा टाका.’ यंत्राला बिघाड कळतो, तर ते स्क्रीनवर का लिहीत नाही? आणि तीन बीपचा अर्थ तोच असतो का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : फोनवर बीप मोजून मदरबोर्डला मृत ठरवता येत नाही. बीप वाजला म्हणजे बोर्डाचा बराचसा भाग चालू आहे. एसएमपीएस वीज पुरवतोय, प्रोसेसर काम करतोय आणि बायोसच्या चिपमधला प्रोग्राम वाचला जातोय, एवढं तरी त्यातून नक्की कळतं.

बटण दाबल्यावर प्रोसेसर सगळ्यात आधी बायोसकडे जातो. विंडोज वगैरे फार पुढची गोष्ट. बायोस एकेक भाग तपासत जातो, या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. क्रम साधारण ठरलेला : आधी प्रोसेसर, मग बायोसची स्वतःची चिप, टायमर, रॅम, आणि त्यानंतर डिस्प्ले. स्क्रीनवर एक अक्षर उमटायचं तर रॅम आणि ग्राफिक्स दोन्ही जागेवर हवेत. त्याआधीच गाडी अडली तर लिहायचं कुठे? म्हणून १९८१ साली आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला तेव्हापासूनच ही निरोपाची जबाबदारी छोट्या स्पीकरवर आहे. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक, एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची अडचण, असे त्याचे संकेत होते.

रॅम नसताना प्रोग्राम चालवणं किती अवघड, हे मला या सगळ्यात फार विलक्षण वाटतं. प्रोग्रामचा एक भाग दुसऱ्याला बोलावतो तेव्हा परत कुठे यायचं याची नोंद रॅममध्ये ठेवावी लागते. रॅमवरच भरवसा नसेल तर ती नोंद ठेवायला जागा नाही. जुन्या बायोसचे लेखक प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या रजिस्टरांवर भागवत, अगदी परतीचा पत्तासुद्धा तिथेच जपत. आजचे बायोस प्रोसेसरमधली कॅश काही क्षणांसाठी रॅमसारखी वापरतात.

आता तुमचे तीन बीप. बायोस एएमआय कंपनीचा असेल, तर जुन्या तक्त्यात तीन आखूड बीप म्हणजे रॅमच्या पहिल्या ६४ किलोबाइटमध्ये दोष. पण ही खूण सगळीकडे एक नाही. एक लांब, दोन आखूड हा आवाज अवॉर्डच्या बायोसवर डिस्प्लेचा दोष दाखवतो, तर आसुसच्या बऱ्याच बोर्डांवर ‘रॅम सापडत नाही’ असं सांगतो. म्हणून आधी मदरबोर्डवर छापलेला मॉडेल नंबर वाचा आणि त्याच बोर्डाचं मॅन्युअल बघा. शिवाय बीप सांगतो तो तपासणी कुठे थांबली एवढंच. रॅमच्या पायरीवर अडली म्हणजे रॅमच खराब असं नाही. स्लॉट खराब असू शकतो, पट्टी नीट बसलेली नसू शकते.

आपल्याकडे पावसाळ्यात हीच शक्यता मोठी असते. जुलैत उपनगरांची हवा ओलीगच्च असते, बंद यंत्र तापत नाही, आत धूळ आणि दमट हवा साचते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवरचा मुलामा फार पातळ असतो. सोन्याला गंज चढत नसला तरी त्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या निकेल-तांब्यावर परिणाम होतो, वर धुळीचा थर बसतो आणि संपर्क तुटतो.

करून बघा. प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला चार्ज उतरेल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिकडे जाईल. स्लॉटच्या टोकाचे चिमटे बाहेर दाबून रॅम सरळ वर ओढा. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते नसेल तर पांढऱ्या मऊ खोडरबराने अगदी हलक्या हाताने, दोन-तीनदाच. जोरात घासलं तर मुलामाच निघेल. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. पुन्हा बसवताना चिमटे टक्‌ वाजून आपोआप मिटायला हवेत. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, स्लॉट बदलून बघा.

तरीही नाही जमलं तर सगळी रॅम काढून सुरू करा. ‘रॅम नाही’ असा बीप आला तर प्रोसेसर आणि बोर्ड निदान त्या पायरीपर्यंत पोचतायत. आणि अजिबात आवाजच नसेल, स्पीकर मात्र जोडलेला असेल, तर दोष एसएमपीएस, प्रोसेसर किंवा बोर्डात शोधायचा. बोर्डावरच्या कपॅसिटरांची टोकं फुगलेली दिसली तर ती खूण फार पक्की. त्या आधी नव्या बोर्डाचे पैसे देऊ नका.

एक मात्र सांभाळा. कॅबिनेटमध्ये पाणी शिरलं असेल तर बीप ऐकायला म्हणूनसुद्धा सुरू करू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तशा पुरात भिजलेलं यंत्र पूर्ण वाळवून, उघडून, तपासून मगच प्लगला लावायचं.

प्रश्न : आमच्या नव्या पीसीला बीप येतच नाही. बिघडलाय का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. आता बऱ्याच बोर्डांसोबत स्पीकर येत नाही. अनेक बोर्डांवर त्याऐवजी चार छोटे दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहतो तिथे तपासणी अडली. आवाज हवाच असेल तर ‘स्पीकर’ लिहिलेल्या चार पिनांवर छोटा बझर बसतो. लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनहून चालत गेलात तर, स्वस्तात मिळेल. मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलायची.