काठीचें पुढचें टोक

वर्धा जिल्ह्यांत वैशाखमासीं उष्णमान ४५ अंशांच्या घरांत जातें. तरी आजोळीं आलेल्या मुलांस सकाळीं धाम नदी व सायंकाळीं सूरपारंब्या हव्याच असतात. आम्ही वडील माणसें मात्र "जपून खेळा" एवढें सांगून घरींच बसतों.

१९३६ च्या उन्हाळ्यांत महात्मा गांधी याच जिल्ह्यांतील सेगांवीं आले. १९४० पासून त्यास सेवाग्राम म्हणतात. १९३७ सालीं जुहूच्या किनाऱ्यावर घेतलेल्या त्यांच्या छायाचित्रांत नातू कनू काठीचें टोक धरून पुढें ओढीत आहे व आजोबा मागोमाग चालले आहेत.

वाचकहो, यांतील धडा हा कीं, खेळांत मुलास पुढें होऊं द्यावें. सुटी सरेल, मूल वाढेल. ऊन चढण्यापूर्वीं एक सकाळ आपण त्याच्या मागें धांवूं या. विसरलेला खेळ तेंच आपणांस शिकवील.