थकलेला हप्ता आणि घराचे तारण : गृहकर्जदारापुढील मार्ग

मराठी वृत्तपत्रांच्या आतील पानांवर 'ताबा सूचना' या मथळ्याची, बारीक अक्षरांतील जाहिरात अनेकदा दिसते. कर्जदाराचे नाव, सदनिकेचा क्रमांक, चतुःसीमा, थकीत रक्कम आणि खाली प्राधिकृत अधिकाऱ्याचा उल्लेख असे तिचे ठरलेले स्वरूप असते. ही जाहिरात धनकोच्या मर्जीवर अवलंबून नसते. तारण मालमत्तेचा ताबा घेतल्यापासून सात दिवसांच्या आत ती दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात, प्रसिद्ध करावी असा २००२ च्या प्रतिभूती हितसंबंध (अंमलबजावणी) नियमांचा दंडक आहे. कर्जदाराच्या दृष्टीने मात्र ही सूचना म्हणजे प्रकरणाचा जवळजवळ अखेरचा टप्पा होय. मदत मिळवण्याची खरी संधी त्याआधीच्या काही महिन्यांत असते आणि नेमक्या त्याच काळात बहुतेक कुटुंबे संकोचाने गप्प राहतात.

अडचणीतील गृहकर्जदारासाठी भारतात एकच सर्वंकष साहाय्य कायदा नाही. त्याचे हक्क रिझर्व्ह बँकेचे निर्देश, २००२ चा वित्तीय मालमत्ता प्रतिभूतीकरणविषयक अधिनियम (प्रचलित नाव 'सरफेसी' कायदा) आणि प्रत्येक धनकोचे स्वतःचे धोरण यांत विखुरलेले आहेत. म्हणून हा विषय कलमांच्या क्रमाने नव्हे, तर काळाच्या क्रमाने अभ्यासणे अधिक सोयीचे ठरते.

पहिले नव्वद दिवस

हप्ता देय तारखेला न भरल्यास खाते लगेच बुडीत ठरत नाही. थकबाकी तीस दिवसांपर्यंतची असेल तर खाते 'विशेष उल्लेखित खाते' या वर्गाच्या पहिल्या पायरीवर, साठ दिवसांपर्यंत दुसऱ्या आणि नव्वद दिवसांपर्यंत तिसऱ्या पायरीवर असते. नव्वद दिवस उलटल्यानंतर ते 'अनुत्पादक मालमत्ता' ठरते. या एका दिवसाने कर्जदाराची स्थिती पालटते. तोपर्यंत धनकोलाही खाते वाचवण्यात स्वारस्य असते, कारण अनुत्पादक खात्यासाठी त्याला नफ्यातून अधिक तरतूद करावी लागते. त्यानंतर मात्र सरफेसी कायद्याचे दार उघडते.

येथे एक गैरसमज आढळतो. अनुत्पादक ठरलेल्या खात्यात एक-दोन हप्ते भरले की ते पूर्ववत होते, असे अनेकांना वाटते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केल्यानुसार मुद्दल व व्याजाची संपूर्ण थकबाकी चुकती झाल्याशिवाय असे खाते पुन्हा नियमित वर्गात घेता येत नाही.

नोकरी गेली, आजारपण आले किंवा व्यवसाय बसला, तर पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच शाखेकडे लेखी अर्ज करणे श्रेयस्कर. अर्जाला उत्पन्न घटल्याचा पुरावा जोडावा आणि सध्या किती रक्कम भरणे शक्य आहे ते आकड्यात लिहावे. अर्जाची पोच घेऊन ठेवावी; तोंडी आश्वासनाचा पुढे न्यायाधिकरणात फारसा उपयोग होत नाही. मुदतवाढ, काही काळ कमी हप्ता किंवा कर्जाची पुनर्रचना यांपैकी काय द्यायचे हे धोरणाच्या चौकटीत धनको ठरवतो. पुनर्रचना हा कर्जदाराचा हक्क नाही, याचे भान असावे. पुनर्रचनेची नोंद पतमाहिती अहवालातही होते.

मुदतवाढीचे गणित

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. बदलत्या दराच्या कर्जावर याचा काय परिणाम होतो, ते उदाहरणाने पाहू. २५ लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्के दराने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १९,३८२ रुपये येतो. सुरुवातीलाच दर ९.५ टक्के झाला, तर एका महिन्याचे केवळ व्याजच सुमारे १९,७९२ रुपये होते. म्हणजे जुना हप्ता नियमित भरूनही मुद्दल घटण्याऐवजी वाढत राहते. ऑगस्ट २०२३ च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने अशी स्थिती उद्भवू देऊ नये असे धनकोंना बजावले. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्हींचा मेळ घालायचा, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा, असेही त्या निर्देशांत आहे.

परंतु मुदतवाढ स्वस्त नसते. याच उदाहरणात ९.५ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता सुमारे २३,३०३ रुपये आणि ३० वर्षांचा सुमारे २१,०२१ रुपये येतो. महिन्याला २,२८२ रुपयांच्या सवलतीसाठी एकूण परतफेड सुमारे पावणेवीस लाखांनी वाढते. तात्पुरत्या अडचणीसाठी हा उपाय योग्य आहे. मात्र उत्पन्न सावरताच जादा रक्कम भरून मुदत पुन्हा आटोक्यात आणली पाहिजे. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचे असल्यास मुदतपूर्व फेडीवर दंड आकारता येत नाही.

हेच तत्त्व २०२० च्या हप्तेस्थगितीलाही लागू होते. कोविड महामारीत मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली. ती कर्जमाफी नव्हती व व्याज चालूच होते. या काळातील व्याजावर व्याज किंवा दंडव्याज आकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. सरसकट व्याजमाफीची मागणी मात्र न्यायालयाने फेटाळली.

वसुली आणि तक्रार

थकबाकी असली तरी कर्जदाराची प्रतिष्ठा अबाधित राहिली पाहिजे. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, धमकी वा जाहीर मानहानी करू नये, असे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात नमूद आहे. २०२४ पासून दंड व्याजदरात मिसळून आकारता येत नाही. तो स्वतंत्र शुल्क म्हणून दाखवावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढत नाही. तक्रार प्रथम धनकोकडे करावी लागते. तीस दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पूर्वीच्या तीन लोकपाल योजना २०२१ मध्ये एकत्र करण्यात आल्या. त्या योजनेत गृहवित्त कंपन्यांचा समावेश नव्हता. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय आवास बँकेची यंत्रणा आहे. कर्ज माफ करणे किंवा पुनर्रचना मंजूर करणे हे लोकपालाचे काम नव्हे.

सरफेसी कायद्याची वाट

खाते अनुत्पादक झाल्यावर कलम १३(२) अन्वये साठ दिवसांची मागणी नोटीस येते. ती बाजूला ठेवून देणे ही सर्वांत महागडी चूक होय. कलम १३(३अ) नुसार कर्जदाराने लेखी आक्षेप घेतल्यास, ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत धनकोला कारणांसह उत्तर द्यावे लागते. साठ दिवसांनंतर धनकोला न्यायालयात न जाता ताबा घेता येतो व त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचे साहाय्य मागता येते. अशा कारवाईविरुद्ध कर्जदार पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. मूळ कायद्यात या अर्जासाठी मागणी रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. मर्डिया केमिकल्स प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण ही अट रद्द केली. बुडत्याला आधी पैसे आण म्हणण्यासारखीच ती होती.

शेतजमीन, एक लाखापर्यंतचे तारण आणि मुद्दल व व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी येणे उरलेली प्रकरणे या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. सहकारी बँका मात्र कक्षेत येतात. मुरगूड येथील एका सहकारी बँकेशी संबंधित प्रकरणात घटनापीठाने मे २०२० मध्ये यावर शिक्कामोर्तब केले.

लिलावाच्या टप्प्यावर २०१६ ची दुरुस्ती निर्णायक ठरते. संपूर्ण येणे व खर्च भरून घर सोडवण्याचा हक्क पूर्वी विक्रीपर्यंत टिकत असे. दुरुस्तीनंतर तो जाहीर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हीच मर्यादा कायम केली. त्यामुळे घर राखणे शक्यच नसेल, तर धनकोच्या संमतीने ते स्वतः विकणे पुष्कळदा हिताचे ठरते, कारण लिलावातील घराला खुल्या बाजारातला भाव सहसा मिळत नाही. लोकअदालतीत तडजोडीचा मार्गही असतो. तिचा निवाडा अंतिम असतो. तडजोडीत काही रक्कम सोडली गेली, तर पतमाहिती अहवालात तशी नोंद होते.

विक्रीतून धनकोचे येणे व खर्च भागून रक्कम उरल्यास, तिच्यावर इतरांचा हक्क नसेल, तर ती कर्जदाराला परत करावी लागते. ती कमी पडल्यास उरलेल्या येण्यासाठी धनको न्यायाधिकरणाकडे अथवा सक्षम न्यायालयाकडे जाऊ शकतो. घर गेले म्हणून कर्ज आपोआप संपत नाही.